आजोबांचा पेपरचा ढीग आवरायचा कसा (रद्दीवाल्याला फोन करायच्या आधी वाचा)

आमचे आजोबा ८८ वर्षांचे आहेत. नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि सोसायटीचं पत्र आलं की तीन महिन्यात घर रिकामं करा. कपाटं, भांडी, फ्रिज ह्यांचं काय करायचं ते दोन दिवसात ठरलं, अडलं ते आजोबांच्या कागदांपाशी. माळ्यावर सात खोकी, दिवाणात दोन पत्र्याच्या ट्रंका, सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे, बारा चिकटवह्या आणि एका कापडी पिशवीत सुटी कात्रणं, ती किती ते कोणी कधी मोजलंच नव्हतं. आई म्हणाली रद्दीवाल्याला बोलाव, तो काटा घेऊन घरीच येतो. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला तो तसाच टेबलावर पडून राहिला, त्यांनी घडीसुद्धा मोडली नाही, मग आईनेच सांगितलं की राहू दे, रद्दीवाल्याचं नंतर बघू.

पुढचे अडीच महिने शनिवार-रविवार मी हेच केलं. तुमच्या घरीही असा ढीग असेल (ठाण्यातल्या जुन्या घरात असतोच, पुनर्विकासात आता सगळ्यांचे माळे खाली होतायत) तर मी जे शिकले ते लिहिते, माझ्या चुकांसकट.

पहिले दोन दिवस कशालाही हात लावू नका. नुसतं बसा त्यांच्याबरोबर आणि पेपर वाचताना बघा. मला हे आधी टाइमपास वाटलेलं पण सगळी किल्ली इथेच होती. आजोबा फोर्टमधल्या एका ऑफिसात क्लार्क होते, ३५ वर्षं ठाणे ते व्हीटी आणि परत, आणि सकाळच्या गर्दीत उभ्याने पेपर वाचायचा म्हणजे तो उभा दुमडून मग आडवा दुमडून वहीएवढा करायचा आणि पान उलटायचं असेल तर शेजाऱ्याच्या नाकाला न लागता उलटायचं. अजूनही ते घरी ऐसपैस खुर्चीत बसून पेपर तस्साच दुमडतात. मग माझ्या लक्षात आलं की ट्रंकेतले जे अंक वहीएवढे दुमडलेले आहेत ते गाडीत वाचलेले, म्हणजे नोकरीच्या काळातले, १९९५ च्या आधीचे, आणि जे मोठ्या घडीत आहेत ते रिटायर झाल्यानंतरचे. नुसत्या घडीवरून अर्धा ढीग दोन भागात वेगळा झाला.

वाचायचा क्रमही बघून ठेवा. आमचे आजोबा आधी निधन वार्ता बघतात, मग वाचकांची पत्रं, मग अग्रलेख, आणि पहिलं पान शेवटी, कारण "ते काय, रात्रीच बातम्यात ऐकलेलं असतं". ज्या पानावर माणूस सगळ्यात जास्त वेळ थांबतो, त्या पानाची कात्रणं त्याच्यासाठी महत्त्वाची असतात.

आता वाटणी. सगळं एकदम जमिनीवर ओतू नका, म्हाताऱ्या माणसाला तो पसारा बघवत नाही. एका वेळी एकच खोकं काढा, तेही त्यांच्यासमोर, आणि ते संपल्याशिवाय दुसरं उघडू नका. "हे ठेवायचं का टाकायचं" असं विचारलंत तर उत्तर "ठेव"च येणार, त्यापेक्षा "हे का कापलं होतंत?" असं विचारा. कधी पंधरा मिनिटांची गोष्ट येते आणि कधी आजोबा चष्मा वर करून बघतात आणि म्हणतात, "काय माहीत, टाक." आमच्याकडे जवळपास निम्मा ढीग ह्या "काय माहीत"ने गेला आणि त्यांना जराही वाईट वाटलं नाही, कारण टाकलं त्यांनीच.

मोठ्या दिवसांचे पूर्ण अंक प्रत्येकाकडे असतात. चंद्रावर माणूस उतरला, आणीबाणी, इंदिरा गांधी गेल्या तो दिवस. माझं मत स्पष्ट आहे, जागा कमी असेल तर ह्यांचा फार मोह धरू नका. लोकसत्ता १९४८ पासून निघतोय, महाराष्ट्र टाइम्स १९६२ पासून, अशा मोठ्या पेपरांचे जुने अंक मोठ्या ग्रंथालयात जपलेले असतात. एखादा अंक आजोबांना हवाच असेल तर ठेवा, पण दहा ठेवू नका. ज्याची दुसरी प्रत बहुतेक कुठेच नसते ते भलतंच असतं. गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक, गडकरी रंगायतनच्या एखाद्या प्रयोगाचं हँडबिल, गल्लीपुरतं निघालेलं आणि चार अंकात बंद पडलेलं साप्ताहिक, सोसायटीचं पहिलं सर्क्युलर. ठाण्यात छापून निघालेलं काहीही असेल तर ते बाजूला काढाच. ह्या गावात १८६६ मध्ये अरुणोदय नावाचं वर्तमानपत्र सुरू झालेलं, आजोबा हे कोणीही घरी आलं की सांगतात आणि वर "आणि तुम्ही लोक ठाण्याला मुंबईचं उपनगर म्हणता" असंही ऐकवतात.

दिवाळी अंकांचं वेगळं आहे. मनोरंजन मासिकाने १९०९ ला पहिला दिवाळी अंक काढला, का. र. मित्रांनी, आणि तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर अंक हे ठरलेलं. आमच्याकडे जवळजवळ चाळीस वर्षांचे होते. सगळे ठेवणं शक्य नव्हतं. आम्ही असं केलं की प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका फोनवर फोटो काढून ठेवली, आणि ज्यात आजोबांनी पेन्सिलने खुणा केल्यात किंवा समासात काही लिहिलंय तेवढेच अंक ठेवले. समासात "साफ चूक" असं लिहिलेला एक लेख आहे, लेखकाचं नाव सांगत नाही.

आता तारखा. सुट्या कात्रणावर तारीख जवळपास कधीच नसते, कारण तारीख असते पानाच्या डोक्यावर आणि कात्री चालते मजकुराभोवती. तारीख काढायला मजा येते, थोडी डिटेक्टिवगिरी आहे. कुठेही किंमत आण्यात असेल तर १९५७ च्या आधीचं धरा. "नवे पैसे" लिहिलं असेल तर १ एप्रिल १९५७ ते १९६४ च्या मधलं, कारण १ जून १९६४ पासून "नवे" गेलं आणि नुसतं पैसे राहिलं. जाहिरातीतल्या पत्त्यावर सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, नुसतं "मुंबई १" वगैरे असेल तर बहुतेक आधीचं. मुंबई-ठाण्याचा फोन नंबर सात आकडी असेल तर २००२ च्या आधीचं. आणि सगळ्यात भारी खूण म्हणजे अनुस्वार. "त्यांनीं", "नाहीं", "कीं" असं डोक्यावर टिंब टिंब दिसलं तर जुनं आहे, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चार न होणारे अनुस्वार काढून टाकले. अर्थात नियम आला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे सुधारले असं नाही, काही लोक हट्टाने पुढे कितीतरी वर्षं टिंब देत राहिले, आमचे आजोबा बाजाराची यादी अजून तशीच लिहितात. त्यामुळे ही खूण एकटी पुरत नाही, दुसरी एखादी जोडीला हवी.

मासिकांवर आणि पंचांगांवर शक लिहिलेलं असतं, त्यात ७८ मिळवा. शके १८९९ चा दिवाळी अंक म्हणजे १९७७. जुनं पुस्तक किंवा अंक असेल तर पानाच्या मागून हलकं बोट फिरवा, अक्षरांचा उठाव लागला तर खिळे (म्हणजे धातूची सुटी अक्षरं) जुळवून छापलेलं आहे, गुळगुळीत लागलं तर ऑफसेट, म्हणजे नंतरची सपाट छपाई. हे मला आजोबांनी दाखवलं, डोळे मिटून.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते. कात्रणाला दोन बाजू असतात आणि कोणती बाजू कापली होती हे कापणाऱ्यालाच माहीत असतं. मी पहिले तीन आठवडे एकच बाजू स्कॅन करत होते, जी मला इंटरेस्टिंग वाटली ती. एक कात्रण होतं, सुनील गावस्कर बॅटिंग करतानाचा फोटो, १९७१ ची वेस्ट इंडिजची सिरीज, ज्यात त्याने ७७४ रन काढलेले. मी खूश, फोल्डर केला "क्रिकेट", आणि टाकलं त्यात. मग एक दिवस सहज विचारलं, आजोबा तुम्हाला क्रिकेट कधीपासून आवडायला लागलं, तर म्हणाले क्रिकेट? मला क्रिकेटचं काय. उलटं कर ते. मागे वाचकांच्या पत्रात खाली त्यांचं नाव, नौपाडा, ठाणे, आणि वर नऊ ओळी, नळाला पहाटे चारला पाणी येतं आणि पाचला जातं ह्यावर. घरात कोणालाच माहीत नव्हतं की त्यांचं पत्र कधी छापून आलंय. बाबांनासुद्धा नाही! आजीला माहीत होतं म्हणे, पण तिने कधी सांगितलं नाही आणि आता ती नाहीये. मग मी सगळं परत काढलं आणि दोन्ही बाजू स्कॅन केल्या, आणि एकूण चौदा पत्रं निघाली, पाणी, लोकलचं टाइमटेबल, एसटीचा कंडक्टर सुटे देत नाही, रस्ता खणून ठेवलाय, आणि एक पत्र नुसतं कोणाच्या तरी अग्रलेखाचं कौतुक करणारं.

म्हणून दोन्ही बाजू, नेहमी. मागे साबणाची अर्धी जाहिरात असली तरी, कारण तारीख काढायला तीच उपयोगी पडते.

स्कॅनचं फार टेन्शन घेऊ नका, फोन पुरतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. पेपरचा कागद पातळ, मागची अक्षरं पुढे दिसतात, त्यावर उपाय म्हणजे कात्रणाखाली काळा कागद ठेवा, मागचं दिसायचं जवळपास बंद होतं. फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला तर मजकुराला ३०० डीपीआय बास, अगदी बारीक टाइप किंवा फोटो असेल तर ६००. पण चिकटवही स्कॅनरवर दाबून उपडी घालू नका, शिवण तुटते, तिचे फोटोच काढा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं आकड्यात द्या म्हणजे आपोआप ओळीने लागतात, आणि शेवटी पुढची बाजू की मागची ते लिहा. महिना माहीत नसेल तर ००. गूगल लेन्स मराठी छापील मजकूर बरा वाचतं, मजकूर कॉपी करून ठेवला की नंतर शोधता येतं, फक्त जुन्या अनुस्वारांवर आणि पुसट जोडाक्षरांवर गडबडतं, तेवढं हाताने सुधारायचं. एक कॉपी फोनवर, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक पुण्याच्या आत्याकडे. आत्याने अजून उघडून पाहिलेली नाही पण असू दे.

कागद कसा जपायचा, तर आधी काय करायचं नाही ते. लॅमिनेशन करू नका. मी केलं. गडकरी रंगायतन सुरू झालं तेव्हाचं, १९७८ चं कात्रण, म्हटलं मोठ्या हौसेने आजोबांना फ्रेमसारखं देऊ, दुकानात दिलं, गरम रोलरमधून वाकडं बाहेर आलं, मधे सुरकुती, आणि आता ते प्लास्टिक परत निघत नाही. शिवाय पिवळं पडायचं ते आतल्या आत पडतच राहतं. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन असतं, हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं आणि कागद आम्ल होऊन कुरकुरीत होतो. हे पूर्ण थांबवता येत नाही, लांबवता येतं. उजेड कमी, दमटपणा कमी, आणि चांगल्या कागदाला चिकटून ठेवायचं नाही, कारण पेपरचा डाग शेजारच्या पानावर उतरतो. फोटो आणि कात्रण एका पाकिटात ठेवलंत तर फोटो खराब होणार.

टाचण्या आणि स्टेपल काढा, गंजून कागद खातात. ओढून काढू नका, मागून पाय सरळ करून हळू. सेलोटेप दिसला आणि सहज सुटत नसेल तर तसाच ठेवा, ओढलात तर अक्षरं बरोबर येतील. नवीन काही चिकटवू नका. आजोबांच्या चिकटवह्या मैद्याच्या खळीने केलेल्या, आणि खळ म्हणजे कसरीला पंगत. बारापैकी तीन वह्यांना जाळी झाली होती. त्यासाठी उपाय मिळाला तो ऐकून आईने मला वेड्यात काढलं पण चालतो, वही झिपलॉकच्या पिशवीत हवा काढून बंद करायची, वर अजून एक पिशवी, आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढली की पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर आत दव धरतं. आमच्या फ्रीझरमध्ये मटाराच्या शेजारी १९६८ होतं.

नंतर पाकिटात वेखंडाची पुरचुंडी, कागदाला न लागता. डांबरगोळ्या म्हातारी माणसं झोपतात त्या खोलीत नकोच. ट्रंक जमिनीपासून वर, विटांवर का होईना, आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब, कारण ओल भिंतीतून येते. जून ते सप्टेंबर उघडायचंच नाही. ठाण्यात पावसाळ्यात कपाटातले बूट हिरवे होतात तिथे कागदाची काय कथा.

भिजलंच तर काय करायचं हे आम्ही २६ जुलै २००५ ला शिकलो. आम्ही तळमजल्यावर, घरात गुडघाभर पाणी, आणि दिवाणातली खालची ट्रंक पूर्ण पाण्यात. तेव्हा मी शाळेत होते, मला आठवतंय की सगळे गॅस, गाद्या, रेशन वर चढवत होते आणि आजोबा ओल्या पँटने ट्रंक ओढत होते. आम्ही सगळं गच्चीत उन्हात घातलं, ती चूक झाली. उन्हाने कागद आकसतो आणि कडक होतो. सावलीत, पंख्याखाली, मधे मधे कोरा टिपकागद किंवा साधे न छापलेले कागद घालून वाळवायचं. दिवाळी अंकांची चकचकीत पानं ओली असतानाच सुटी करायची, एकदा चिकटून वाळली की वीट होते. आमच्याकडे अशा चार विटा आहेत, आजोबा टाकू देत नाहीत.

देणगीबद्दल थोडक्यात. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, पण म्हणून तिथे रिक्षाभर गठ्ठे नेऊन उतरवू नका. कुठल्याही ग्रंथालयाला जागा मोजकीच असते आणि त्यांच्याकडे जे आहे तेच तुम्ही देत असता. आधी यादी करा, नाव, वर्ष, प्रकाशक, स्थिती कशी आहे, मग जाऊन विचारा. नाही म्हणाले तर राग मानू नका. आमच्या यादीतली दोनशे पुस्तकं नात्यातल्या मुलांमध्ये वाटली गेली, आणि जे कोणीच घेतलं नाही ते रद्दीत गेलं, हो गेलं, आजोबांनी स्वतः काट्यावर ठेवलं आणि दहा मिनिटं भाव केला.

नवीन भाड्याच्या घरी आता दोन ट्रंका आणि नऊ वह्या आहेत. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय पण बारीक टाइप त्रास देतो. टॅबवर ई-पेपर मोठा करून दिला, तो त्यांना आवडला नाही, "घडी पडत नाही ह्याची". म्हणून छापील पेपर येतो, निधन वार्ता आणि पत्रं मी वाचून दाखवते, बाकी ते भिंग घेऊन बघतात. तुम्हीही वाचून दाखवत असाल तर एक सांगते, गाळू नका. मी एकदा एका ओळखीच्या माणसाची निधन वार्ता गाळली, त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांनी दुपारी भिंगाने ती शोधली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

ज्या कात्रणांचा काहीच पत्ता लागत नाही, ना तारीख ना कारण, ती एका मोठ्या पाकिटात आहेत, वर लिहिलंय "आजोबांना विचारायचं". सुरुवातीला साठ होती. रविवारी चहा झाला की एक काढायचं, दोन नाही, दुसऱ्याला ते दमतात. ह्या रविवारी जे काढलं त्यात एका बाजूला शिलाई मशीनची जाहिरात आणि दुसऱ्या बाजूला अर्धं शब्दकोडं, आठ उभे भरलेलं, अक्षर आजीचं. आजोबांनी ते घेतलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं, स्कॅन करायला दिलेलं नाही. पाकिटात आता अकरा आहेत.